वृद्धापकाळातील शारीरिक तोल आणि आनुवंशिकता

वृद्धापकाळातील शारीरिक तोल आणि आनुवंशिकता हा वार्धक्यशास्त्र व जनुकशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. उभे राहताना, चालताना किंवा वळताना शरीर सावरण्याची क्षमता उतारवयात कमी होते. या घटीत जनुकांचा वाटा किती आणि राहणीमानाचा किती, याचा विचार या विषयात केला जातो.

तोल राखण्याची यंत्रणा

तोल राखणारे असे एकच इंद्रिय नाही. डोळे, आंतरकर्ण, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणारे संदेश मेंदू, विशेषतः अनुमस्तिष्क (लहान मेंदू), एकत्र करतो आणि त्यानुसार पाय व पाठीच्या स्नायूंना चालना देतो. वयोमानानुसार दृष्टी मंदावते व स्नायूंचे बळ घटते. मणके खचून पाठीला पोक आल्यास शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि पडण्याचा धोका वाढतो.

जनुकांचा वाटा

एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. या दोन गटांच्या तुलनेतून आनुवंशिकतेचा अंदाज बांधता येतो. फिनलंडमधील वृद्ध जुळ्या स्त्रियांच्या अभ्यासात तोलातील व्यक्तिगत फरकांपैकी सुमारे एक तृतीयांश भाग आनुवंशिक आढळला. हे प्रमाण समूहातील फरकांचे आहे. एखादी व्यक्ती पडेल की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

काही विकारांत मात्र एकाच जनुकातील दोष निर्णायक ठरतो. भारतात मुख्यतः अग्रवाल समाजात आढळणारा स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया १२ हा त्यांपैकी एक होय. तो बहुधा मध्यमवयात हातांच्या कंपाने सुरू होतो व पुढे चाल अस्थिर करतो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते.

विदर्भातील संदर्भ

नागपूरसह विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील सिकलसेलवाहकांविषयी शुक्ल व सोळंकी यांची नोंद १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या विकारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवतात. त्यामुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून तेथील अस्थी मृत होऊ शकते. खुब्याचा सांधा बिघडतो, माणूस लंगडू लागतो. ही हानी बहुधा तरुणपणीच सुरू होते. उतारवयातील इतर दुर्बलता तिच्यात भर घालते. केवळ वाहक असलेल्यांना सहसा असा त्रास होत नाही.

प्रतिबंध

‘आमच्या घराण्यातच हे आहे’ असे मानून अनेक कुटुंबे वृद्धांच्या तोल जाण्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक कौटुंबिक इतिहास हे वेळीच तपासणी करून घेण्याचे कारण आहे. पायांचे बळ व तोल वाढवणारे नियमित व्यायाम, मोतीबिंदूवर उपचार, चक्कर आणणाऱ्या औषधांचा वैद्यकीय फेरविचार, न्हाणीघरात आधाराची दांडी आणि रात्री पुरेसा उजेड यांमुळे पडण्याचा धोका कमी करता येतो. आनुवंशिक दोष असलेल्या व्यक्तींनाही यांपैकी बहुतेक उपाय उपयुक्त ठरतात.