मर्सिडीज-बेंझ : इतिहास, प्रतिष्ठा आणि महाराष्ट्रातील तीन वाटा

प्रस्तावना

मराठी बोलण्यात ‘मर्सिडीज’ हा शब्द आता केवळ एका मोटारीचे नाव राहिलेला नाही. संपत्ती, यश आणि सामाजिक स्थान यांची ती खूण झाली आहे. भामरागडसारख्या तालुक्यात मात्र वाहनाचा अर्थ वेगळा असतो. आलापल्लीहून भामरागडकडे येणारा रस्ता दाट जंगलातून जातो आणि पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात या भागाचा संपर्क अनेकदा तुटत आला आहे. येथे वाहन म्हणजे धान्य आणणारी मालमोटार, बाजाराला नेणारी काळी-पिवळी, एस. टी. बस आणि रुग्णवाहिका. अशा प्रदेशातील वाचकांना जर्मनीतील एका आलिशान मोटारीच्या इतिहासाचे काय प्रयोजन, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर असे की, या कंपनीचे तंत्रज्ञान महाराष्ट्रात आलिशान मोटारीच्या पुष्कळ आधी आले आणि ते मालमोटार व प्रवासी गाडी यांच्या रूपाने खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. ज्या वाहनांनी हे काम केले त्यांच्यावर तिचे नाव राहिले नाही. ज्या मोटारीवर ते ठळकपणे राहिले, ती मोजक्यांच्या वाट्याला आली. प्रतिष्ठेची निर्मिती आणि तिचा उपभोग यांतील हे अंतर स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. उगम : दोन कारखाने, एक नाव

२९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइम येथील कार्ल बेंझ यांनी वायुइंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी वाहनाच्या एकस्वासाठी अर्ज केला. ३७४३५ या क्रमांकाचे हे एकस्व मोटारगाडीचे जन्मपत्र मानले जाते. त्याच वर्षी कानश्टाट येथे गोटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी चारचाकी गाडीवर आपले इंजिन बसविले. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ या कार्ल बेंझ यांच्या पत्नी आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर अंतर गाडीने गेल्या. वाटेत त्यांनी औषधाच्या दुकानातून इंधन घेतले. हे नवे यंत्र सर्वसामान्य प्रवासाला उपयोगी पडू शकते, ही गोष्ट त्या प्रवासाने लोकांसमोर सिद्ध केली.

डाइमलर यांच्या कंपनीने १८९६ मध्ये पहिली मालमोटार तयार केली. म्हणजे आरंभापासूनच या उद्योगात माणसांची गाडी आणि मालाची गाडी अशा दोन्ही शाखा होत्या. ‘मर्सिडीज’ हे नाव डाइमलर गाड्यांचे विक्रेते एमिल येलिनेक यांच्या मुलीचे होते. १९०२ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले गेले. जमीन, पाणी व आकाश यांवरील संचार सूचित करणारा तीन टोकांचा तारा १९०९ मध्ये नोंदविण्यात आला. पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक ओढाताणीत २८ जून १९२६ रोजी बेंझ व डाइमलर या कंपन्यांचे विलीनीकरण होऊन डाइमलर-बेंझ कंपनी अस्तित्वात आली आणि तिच्या मोटारी ‘मर्सिडीज-बेंझ’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

२. प्रतिष्ठेची घडण आणि तिच्यावरील डाग

या नावाला लाभलेल्या प्रतिष्ठेचे दोन आधार सांगता येतात. पहिला डिझेल इंजिनाचा. १९३६ मध्ये या कंपनीने ‘२६० डी’ ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार नियमित उत्पादनात आणली. दुसरा सुरक्षिततेचा. बेला बारेन्यी या अभियंत्याने अशी रचना मांडली की, मोटारीचा पुढचा व मागचा भाग अपघातात चेमटून आघात शोषून घेईल आणि मधली बैठकीची जागा मात्र अभंग राहील. १९५९ च्या मोटारींत ती प्रत्यक्षात आली. १९७८ मध्ये बॉश कंपनीच्या सहकार्याने, ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या कंपनीच्या मोटारींत आली.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू टाळून पुढे जाता येत नाही. नाझी राजवटीत डाइमलर-बेंझ ही युद्धसामग्रीची महत्त्वाची पुरवठादार होती. १९४४ मध्ये तिच्या सुमारे निम्म्या कामगारांत सक्तीने आणलेले परकीय नागरिक, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदी यांचा समावेश होता, हे कंपनीने स्वतःच्या इतिहासकथनात मान्य केले आहे. १९८८ मध्ये तिने या पीडितांसाठी व त्यांच्या संघटनांसाठी दोन कोटी मार्क दिले. पुढे २००० मध्ये जर्मन शासन व उद्योगसमूह यांनी मिळून दहा अब्ज मार्कांचा भरपाई-निधी उभारला, त्यातही तिचा सहभाग होता.

अलीकडच्या काळातही प्रतिष्ठेला तडे गेले. १९९७ मध्ये ‘ए-क्लास’ ही छोटी मोटार स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चाचणीत अचानक वळण घेताना उलटली. कंपनीला विक्री थांबवून प्रत्येक गाडीत स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवावी लागली. २०२० मध्ये अमेरिकेत डिझेल गाड्यांच्या प्रदूषण-प्रकरणात सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. पहिली चूक जाहीर चाचणीत उघड झाली आणि सुधारली गेली. दुसरीत आरोप असा होता की, गाडीतील संगणकप्रणाली चाचणीत एक व रस्त्यावर दुसरे असे वर्तन करीत होती. ज्या डिझेल इंजिनावर ही प्रतिष्ठा उभी होती, त्याच इंजिनाने तिला धक्का दिला. ख्यातनाम नाव हे स्वतंत्र तपासणीला पर्याय ठरू शकत नाही, एवढे या घटनांवरून स्पष्ट होते.

३. पहिली वाट : मालमोटार

स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकारने असे धोरण स्वीकारले की, परदेशी सुटे भाग आणून केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी टप्प्याटप्प्याने देशातच उत्पादन करावे, अन्यथा व्यवसाय आवरता घ्यावा. फोर्ड व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी त्यामुळे येथील जुळणी बंद केली. याच पार्श्वभूमीवर १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व तोपर्यंत रेल्वे इंजिने बनविणाऱ्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा सहकार्य-करार केला. त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली. ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ या नावाच्या या मालमोटारींच्या तोंडावर जर्मन तारा असे.

कराराचे महत्त्व गाड्यांच्या संख्येपेक्षा ज्ञानाच्या हस्तांतरात होते. देशी भागांचे प्रमाण वाढत गेले. १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे चिन्ह आले. मालमोटारींचे उत्पादन मात्र खंडित झाले नाही. मुंबईत जन्मलेले अभियंते सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली १९६६ पासून पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्कोचा पुणे प्रकल्प उभा राहिला. तेथे वाहनांच्या आधी यंत्रहत्यारांचा विभाग व उमेदवारांचे प्रशिक्षण यांचा पाया घातला गेला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. जी यंत्रे वाहन घडवितात ती घडविण्याची क्षमता आधी आणि वाहन नंतर, असा तो क्रम होता.

या क्रमाचे फलित १९८६ मध्ये दिसून आले. त्या वेळी हलक्या मालवाहनांच्या बाजारात टोयोटा, निस्सान, माझदा व मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या होत्या. टेल्कोने कोणत्याही परदेशी भागीदाराविना ‘टाटा ४०७’ हे वाहन आणले आणि ते या स्पर्धेत टिकले. जर्मन कंपनीकडून जे शिकायचे ते शिकून झाले होते, याचे हे प्रमाण मानता येईल. मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून १९९४ मध्ये ‘सुमो’ या गाडीचे नामकरण झाले आणि तीही पुढे ग्रामीण रस्त्यांवर सर्वपरिचित झाली.

४. दुसरी वाट : टेम्पो, मॅटाडोर, ट्रॅक्स

मराठीत कोणत्याही लहान मालवाहनाला ‘टेम्पो’ म्हटले जाते. हा शब्द हाम्बुर्गजवळील ‘टेम्पो’ या वाहनकारखान्यावरून आला. १९५८ मध्ये फिरोदिया यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने त्या कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहने बनविण्यास सुरुवात केली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डी येथे आला. जर्मनीत मूळ टेम्पो कारखाना हानोमाग कंपनीत व ती कंपनी डाइमलर-बेंझमध्ये सामावली गेली. परिणामी आकुर्डीच्या कंपनीचा संबंध थेट मर्सिडीज-बेंझशी जोडला गेला.

या संबंधातून ‘ओएम ६१६’ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन परवान्याखाली येथे बनू लागले. जर्मनीत ते ‘२४० डी’ या मोटारीत होते, जी टॅक्सी म्हणून दीर्घकाळ प्रसिद्ध होती. महाराष्ट्रात ते मॅटाडोर, ट्रॅक्स व ट्रॅव्हलर या गाड्यांत आले. ट्रॅव्हलरचा सांगाडाही मर्सिडीजच्या व्हॅनवरूनच घेतलेला होता.

हे इंजिन ग्रामीण रस्त्यांना का मानवले, हे समजून घेणे उपयुक्त आहे. डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. या इंजिनात ज्वलनाचा आरंभ मुख्य सिलिंडरला जोडलेल्या एका लहान कक्षात होत असे. त्यामुळे ज्वलन काहीसे सौम्य होई व इंजिनावरील आघात कमी राही. त्याच्या मोबदल्यात इंधन थोडे अधिक लागे. इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक नसल्याने तालुक्याच्या गावातील मिस्त्रीही ते उघडून दुरुस्त करू शके. वेग कमी, पण संथ गतीतही ओढण्याची ताकद भरपूर, हा गुण चढाच्या, चिखलाच्या आणि भरगच्च प्रवाशांच्या वाहतुकीस अनुकूल ठरला. विदर्भाच्या ग्रामीण भागातील काळी-पिवळी गाड्यांत ट्रॅक्सचा वापर झाला आणि रुग्णवाहिका म्हणून ट्रॅव्हलर राज्यभर पोहोचली. त्यांत बसणाऱ्या प्रवाशाला आपण मर्सिडीजच्या वंशातील इंजिनावर चाललो आहोत, हे माहीत असण्याचे कारण नव्हते. २००५ मध्ये बजाज टेम्पोचे नाव ‘फोर्स मोटर्स’ झाले. पुढे याच कंपनीने चाकण येथे मर्सिडीज-बेंझच्या भारतीय गाड्यांसाठी इंजिनांच्या जुळणीचा विभाग उभारला.

५. तिसरी वाट : आलिशान मोटार

आर्थिक उदारीकरणानंतर १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी टेल्कोच्या भागीदारीत स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्यातील टेल्कोच्याच आवारात ‘ई-क्लास’ मोटारींची जुळणी सुरू झाली. आरंभी आणलेले प्रारूप युरोपात निवृत्त होत असलेले होते. त्यामुळे अपेक्षित मागणी मिळाली नाही. केवळ नावावर भारतीय ग्राहक समाधानी होत नाही, हा धडा कंपनीला मिळाला. पुढे टाटांची भागीदारी संपली. २००९ मध्ये चाकण येथे सुमारे १०० एकरांवर नवा कारखाना सुरू झाला.

तयार मोटारीवरील आयात-शुल्क सुट्या भागांवरील शुल्कापेक्षा पुष्कळ अधिक असते. जुळणी देशात करण्यामागे हे प्रमुख कारण असते. १९५४ चा करार आणि ही व्यवस्था यांत म्हणूनच मूलभूत फरक आहे. त्या करारात ज्ञान देशी कंपनीकडे यावयाचे होते. या व्यवस्थेत आराखडा, नाव व मालकी परदेशी कंपनीकडेच राहते.

या तिसऱ्या वाटेवरील सर्वांत गाजलेली घटना ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे घडली. तेथील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या. मागासलेल्या मराठवाड्याची प्रतिमा बदलावी आणि गुंतवणूकदारांचे लक्ष शहराकडे वेधावे, हा त्यामागील घोषित हेतू होता. मोटारींसाठी सुमारे ७ टक्के दराने सार्वजनिक बँकेचे कर्ज उपलब्ध झाले. त्याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी मात्र त्याहून बऱ्याच अधिक दराने कर्ज घ्यावे लागत होते, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ दैनिकातून लक्ष वेधले.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलेली दिखाऊ उपभोगाची संकल्पना येथे उपयोगी पडते. तिच्यानुसार काही वस्तूंचे मूल्य त्यांच्या उपयोगापेक्षा त्या इतरांना दिसण्यात असते. परंतु औरंगाबादच्या घटनेत आणखी एक गोष्ट दिसते. प्रतिष्ठा ही पतही निर्माण करते. ज्याच्याकडे प्रतिष्ठेची वस्तू येऊ शकते त्याला पैसा स्वस्त मिळतो आणि ज्याचे वाहन उत्पादनाचे साधन आहे त्याला तो महाग पडतो. बँकेच्या दृष्टीने याला जोखमीचे स्पष्टीकरण देता येईल. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मात्र ते पुरेसे ठरत नाही.

६. तिन्ही वाटांचे तुलनात्मक आकलन

पहिल्या वाटेने देशाला वाहन घडविण्याचे ज्ञान मिळाले. दुसऱ्या वाटेने खेड्याला टिकाऊ वाहतूक मिळाली. तिसऱ्या वाटेने काहींना रोजगार व मोजक्यांना मान मिळाला. समाजाच्या बोलण्यात मात्र तिसरीच वाट राहिली. कंपनीच्या अलीकडच्या वाटचालीतही याचे प्रतिबिंब आढळते. २०१० मध्ये तिने टाटा मोटर्समधील आपला उरलेला हिस्सा विकला. डिसेंबर २०२१ मध्ये मालमोटारींचा व्यवसाय ‘डाइमलर ट्रक’ या स्वतंत्र कंपनीकडे गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मूळ कंपनीने ‘मर्सिडीज-बेंझ ग्रुप’ हे नाव धारण केले. १८९६ पासून एकत्र असलेल्या दोन शाखांची नावेही अशा रीतीने वेगळी झाली.

निष्कर्ष

१) मर्सिडीज-बेंझची प्रतिष्ठा टिकाऊ इंजिन व सुरक्षित रचना यांतून घडली, सक्तीचे श्रम व प्रदूषण-प्रकरण यांमुळे ती डागाळली. दोन्ही बाजू मिळूनच तिचा इतिहास पूर्ण होतो.

२) महाराष्ट्राला या कंपनीकडून झालेला व्यापक लाभ १९५४ चा करार आणि परवान्याखाली बनलेली डिझेल इंजिने यांतून झाला. शिकण्याची अट घालून केलेले सहकार्य करार संपल्यावरही फळ देते, हे टेल्कोच्या उदाहरणावरून दिसते.

३) वाहनाची प्रतिष्ठा ठरविताना ते किती लोकांना, किती अवघड रस्त्यावर आणि किती काळ उपयोगी पडले, हा निकष किमतीइतकाच ग्राह्य धरला गेला पाहिजे. त्या निकषावर काळी-पिवळीतील ट्रॅक्सचे स्थान शहरातील आलिशान मोटारीपेक्षा खालचे ठरत नाही.

४) गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील वाहतुकीचा इतिहास जुने चालक, मिस्त्री व वाहक यांच्या स्मरणात साठलेला आहे. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व वाणिज्य विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून त्याची मौखिक नोंद करणे शक्य आहे. ती पिढी वृद्ध होत चालली असल्याने हे काम लवकर हाती घेणे इष्ट ठरेल.