महाडचे संशोधन आपल्या वाडीत मराठीतून यावे

लाल विंचू चावला, दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, की आपल्या बौद्धवाड्यांत आजही आधी भगताला बोलावणे जाते. खरे तर यावरचा उपाय आपल्याच रायगड जिल्ह्यात सापडला आहे. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाड परिसरातील विंचूदंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे तपासले. प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने जीव वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. पण ते बहुतेक छापले गेले इंग्रजीत, वैद्यकीय नियतकालिकांत. ज्यांच्या दुखण्यातून हे ज्ञान निघाले, त्यांच्या घरी ते आलेच नाही.

बाबासाहेबांनी आपले प्रबंध इंग्रजीत लिहिले. समाजाशी बोलायला मात्र ३१ जानेवारी १९२० रोजी मराठीतून 'मूकनायक' काढला. हाच धडा आज शिकाऊ डॉक्टरांनी घ्यावा, असे आम्हाला वाटते. त्यांनी महिन्याला एक संशोधन वाचावे आणि अर्ध्या पानात मराठीत सांगावे: कोणावर अभ्यास झाला, काय केले, काय आढळले, कशाची खात्री नाही आणि घरच्यांनी काय करावे.

नमुना पाहा. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. बावसकरांचा अभ्यास आला. विष अंगात भिनलेल्या ७० रुग्णांचे, निवड न करता, दोन गट केले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन दिले, ३५ जणांना त्यासोबत विंचूविरोधी लसही दिली. दहा तासांत पहिल्या गटातले ८ पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले ३२. मर्यादा अशी की रुग्ण ७०च होते आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. घरच्यांसाठी सांगणे एवढेच: मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, गोळी मनाने देऊ नका.

एवढे लिहायला एक संध्याकाळ पुरते. आईला समजेल असे लिहायचे म्हटले की डॉक्टरला स्वतःलाही विषय नीट समजतो.

आपल्या वाडीतली मुलगी किंवा मुलगा डॉक्टरकी शिकत असेल, तर सत्कार करताना एवढेच मागा: "बाळा, अर्धे पान लिहून आण." ते विहारात रविवारी वंदनेनंतर मोठ्याने वाचा. चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे, तसे ज्ञानही सर्वांचे.

जय भीम!