दोन डोळे, दोन नंबर: मुलांचा चष्मा टाळू नका

"सर, पोरगा नीट वाचतो, मग चष्मा कशाला?" अम्मी-अब्बू विचारतात. समजा एका डोळ्याचा नंबर +1 आणि दुसऱ्याचा +4 आहे. मूल चांगल्या डोळ्यावरच काम भागवतं, तक्रार करत नाही. मेंदू अंधुक डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि तो डोळा 'आळशी' होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर सुधारण्याची शक्यता जास्त. घरी एकेक डोळा झाकून वाचायला लावा. फरक दिसला तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांनी दिवसभर सांगितला असेल तर चष्मा खेळतानाही हवा. बाजारातल्या तयार चष्म्याच्या दोन्ही काचा सारख्याच असतात, तो उपयोगाचा नाही. आणि मुलगी आहे, पुढे लग्नाला अडचण येईल म्हणून चष्मा टाळू नका. नजर गेली तर नुकसान तिचंच आहे.