चवीलाही वेळ असते

लिंबू जिभेला लागताच चेहरा आक्रसतो, पण तो झटका लगेच ओसरतो. कारल्याचा कडवटपणा घास गिळून झाल्यावरही घशाशी रेंगाळतो. हा फरक स्वयंपाकघरात सर्वांनाच ठाऊक असतो. माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार आखणाऱ्या डिझायनरांनी मात्र त्याकडे उशिरा लक्ष दिलं.

आधी जीभ काय करते ते पाहू. मिठातले सोडियमचे आयन आणि आंबट पदार्थातले हायड्रोजनचे आयन स्वादपेशींत थेट शिरतात. गोड, कडू आणि उमामी (रसदार, मांसल चव) यांचा रस्ता लांबचा आहे. त्यांचे रेणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना चिकटतात आणि तिथून आत निरोप जातो. कडवटपणा ओळखायला माणसाकडे अशी सुमारे 25 प्रकारची प्रथिनं आहेत. बरीच वनस्पतिजन्य विषं कडू असल्यामुळे हा बंदोबस्त. तिखट या पाचांत बसत नाही. मिरची जिभेवरच्या उष्णतेच्या आणि वेदनेच्या नसा चेतवते. आपल्या षड्रसांच्या यादीत तिखटाला जागा आहे, ती अनुभवाच्या हिशोबाने योग्यच म्हणायची.

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या मारियाना ओब्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना पाचही चवी देऊन अनुभव बारकाईने सांगायला लावला. चव आवडली का, एवढ्यावर ते थांबले नाहीत. ती कशी आली, किती टिकली, तोंडात कुठे जाणवली, हेही त्यांनी टिपलं. माझ्या मते डिझायनरच्या खऱ्या कामाचं यातलं टिकणंच. क्षणभर सावध करायचं तर आंबट. मनाई ठसवायची तर कडू.

मनाईचं उदाहरण बाजारातच आहे. निन्टेंडोने 2017 मध्ये आणलेल्या स्विच या खेळयंत्राच्या चिमुकल्या कार्डांवर डेनाटोनियम बेंझोएट या अतिकडू रसायनाचा लेप असतो. लहान मुलाने कार्ड तोंडात घातलं की मूल ते स्वतःच थुंकतं. त्यासाठी सूचना वाचता येण्याची गरज नाही.

चवीचा वापर मनाईपुरताच नाही, ती वाढवताही येते. जपानच्या किरिन कंपनीने मेइजी विद्यापीठाच्या होमेइ मियाशिता यांच्यासोबत विकसित केलेला चमचा 2024 मध्ये विक्रीला आला. तो सौम्य वीजप्रवाहाने पदार्थातले सोडियमचे आयन जिभेपाशी गोळा करतो. त्यामुळे कमी मिठाच्या जेवणाचा खारटपणा सुमारे दीडपट जाणवतो, असं कंपनी सांगते. सूपमध्ये मीठच घातलं नसेल, तर मात्र या चमच्याचा उपयोग नाही.