रंगाची फवार आणि रघुवीर मुळगावकर

"चित्रं काढून पोट भरतं का?" हा प्रश्न आपल्या नाकाडोंगरीतही मुलांना ऐकावा लागतो. त्याचं एक उत्तर म्हणजे रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६).

मूळ गोव्याच्या या चित्रकाराने मुंबईत छपाईसाठी चित्रे काढली. देवादिकांची कॅलेंडरे, दिवाळी अंकांची आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे. कलादालनात कधी न गेलेल्या माणसाच्या घरीही त्यांचे चित्र पोहोचले.

त्यांच्या चित्रांतली मऊ, तेजस्वी छटा बघा. अशी छटा एअरब्रशने साधते. दाबाखालची हवा रंगाचे बारीक तुषार करते. नको तो भाग कागदाने झाकून फवारायचं. कुंचल्याचे फटकारे दिसत नाहीत.

वर्गात करून बघा. कोऱ्या कागदावर पळसाचं पान ठेवा. जुना टूथब्रश पातळ रंगात बुडवून कंगव्यावर घासा. पान उचललं की पांढरा आकार उरतो. तत्त्व तेच!

मग घरचं कॅलेंडर, बिस्किटाचा पुडा, बियाण्याची पिशवी दाखवून विचारा, "हे कुणी काढलं असेल?" यामागे कुणाची तरी रोजीरोटी असते. मुलाच्या हातातली चित्रवही काढून घेण्याआधी एवढं आठवू या.