अठ्ठेचाळीस आकडे

मायक्रोसॉफ्ट आणि युरोपीय आयोग यांच्यातल्या २००९ च्या समझोत्याबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या फाल्कन सॉफ्टवेअरच्या सदोष फाइलने विंडोज मशिनं कशी पाडली, ही मी आधी लिहिलेली वीस आणि एकवीस रकान्यांची हकीकत वाचून साताऱ्याच्या एका वाचकबाईंनी एक प्रश्न पाठवला आहे. त्यांची सगळी नोकरी बँकेच्या शाखेत झाली. त्या विचारतात, “क्राउडस्ट्राइकने सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, असं तुम्हीच लिहिलंत. मग मशिनं इतके दिवस बंद का होती?”

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. चूक कशी झाली यावर भरपूर लिहिलं गेलं, पण चूक सापडल्यावरही ती निस्तरायला इतका वेळ का लागला, हे फार कमी जणांनी नीट समजावून सांगितलं.

फाइल सुटली ती १९ जुलै २०२४ ला, शुक्रवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. मागे घेतली गेली १० वाजून ५७ मिनिटांनी. मधली मिनिटं ७८. आपल्याकडे कचेऱ्या उघडत होत्या, सिडनीत दुपारचे दोन वाजून गेले होते, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र नुकतीच उलटली होती. त्या ७८ मिनिटांत जी मशिनं बंद होती ती वाचली. जी चालू होती आणि इंटरनेटला जोडलेली होती, त्यांतली सुमारे ८५ लाख पडली. हा मायक्रोसॉफ्टचा अंदाज, आणि जगातल्या सगळ्या विंडोज मशिनांच्या तुलनेत तो एक टक्काही भरत नाही. पण क्राउडस्ट्राइकचं हे सॉफ्टवेअर घेतं कोण? विमान कंपन्या, रुग्णालयं, बँका. म्हणजे जिथे रात्रीही मशीन बंद करत नाहीत, अशाच जागा.

आता ‘मागे घेतली’ याचा अर्थ पाहा. कंपनीच्या सर्व्हरने ती फाइल नव्याने देणं थांबवलं आणि दुरुस्त फाइल ठेवली, इतकाच. ज्याच्या डिस्कवर जुनी फाइल आधीच उतरली होती, त्या मशीनला दुरुस्त फाइल हवी तर त्याने आधी सुरू व्हायला हवं, मग नेटवर्क जोडायला हवं, मग सर्व्हरशी बोलायला हवं. घोडं अडलं ते पहिल्याच पायरीवर.

मशीन सुरू होताना कर्नेलबरोबर, म्हणजे विंडोजच्या गाभ्याबरोबर, काही ड्रायव्हर अगदी सुरुवातीलाच चढवले जातात. फाल्कनचा ड्रायव्हर मुद्दाम त्या पहिल्या पंक्तीत बसवलेला आहे. हल्लेखोराचा प्रोग्राम जागा होण्याआधी पहारा उभा राहावा, हा त्यामागचा विचार, आणि तो चुकीचा नाही. नेटवर्क मात्र त्यानंतर येतं. त्यामुळे ड्रायव्हर उठणार, २९१ क्रमांकाची फाइल वाचणार, रकाने वीसच असताना एकविसावा शोधत भलत्याच मेमरीत हात घालणार आणि निळा पडदा. मशीन पुन्हा सुरू होणार, पुन्हा तेच. औषध सर्व्हरवर तयार होतं, पण तिथपर्यंत पोचण्याआधीच रोगी कोसळत होता.

काही मशिनांनी ही शर्यत जिंकली. ड्रायव्हर पडण्याच्या आधीच्या काही क्षणांत नेटवर्क जोडलं गेलं आणि नवी फाइल उतरली. म्हणूनच क्राउडस्ट्राइक सांगत होती की वाय-फायऐवजी केबल लावा, ती लवकर जोडली जाते. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या ग्राहकांना पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करायला सांगितलं, आणि काहींना तर पंधरा वेळा करावं लागलं. हा सल्ला ऐकून लोक हसले होते. तो पूर्णपणे बरोबर होता.

उरलेल्यांसाठी माणसाचे हात हवे होते. सेफ मोडमध्ये जायचं, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली ती फाइल पुसायची, रीस्टार्ट करायचं. काम पाच मिनिटांचं, पण प्रत्येक मशीनपाशी जाऊन. विमानतळावर छताला टांगलेल्या फलकामागे संगणक असतो आणि त्याला कीबोर्ड नसतो. तिथे शिडी लावून कुणीतरी चढायचं. तोवर इंडिगोचे कर्मचारी हाताने बोर्डिंग पास लिहीत होते. हैदराबादहून कोलकात्याला जाणाऱ्या एका प्रवाशाच्या अशा पासाचा फोटो तेव्हा सगळीकडे फिरला.

आणि सेफ मोडच्या दारात उभं होतं बिटलॉकर. लॅपटॉप चोरीला गेला तरी माहिती वाचता येऊ नये म्हणून डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. नेहमीची वाट सोडून मशीन सुरू करायला गेलात की ही सोय ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागते. आता थोडा वेळ या आकड्यांपाशी थांबतो, कारण ही रचना मला फार आवडते.

सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. उदाहरणार्थ १३५७९५. भागून पाहा, १२३४५ येईल. यातला कुठलाही एक आकडा चुकवा, किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट करा, ११ ने भाग जाणारच नाही. म्हणजे टंकणाऱ्याची चूक त्याच गटात पकडता येते, सगळे ४८ आकडे पुन्हा तपासायला नकोत. भागाकार नेहमी ६५,५३६ पेक्षा लहान येतो, म्हणजे गटागणिक १६ बिट. आठ गटांचे १२८. किल्लीची ताकदही राखली आणि माणसाच्या बोटांचा विचारही केला. तुमच्या कपाटातल्या २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन असेल, तर त्यातला शेवटचा अंकही याच ११ च्या हिशेबाने येतो.

पण शुक्रवारी या किल्ल्या होत्या कुठे? अनेक संस्थांत विंडोज सर्व्हरवर, आणि काही ठिकाणी तो सर्व्हरही निळा पडदा दाखवत होता. जिथे किल्ल्या हाताशी होत्या, तिथेही शेकडो मशिनांवर प्रत्येकी ४८ आकडे टंकायचे किंवा फोनवरून सांगायचे.

यावरचा सर्वांत सुंदर उपाय ऑस्ट्रेलियात ग्रँट थॉर्नटन या लेखा व सल्लागार कंपनीच्या कार्यालयात निघाला. यूएसबीला जोडलेला साधा बारकोड स्कॅनर मशीनला कीबोर्डच वाटतो. तो वाचतो आणि जणू कुणी टंकल्यासारखे आकडे पाठवतो. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणून तो रिकव्हरीच्या पडद्यावरही चालतो. तिथल्या आयटीवाल्यांनी सगळ्या किल्ल्यांचे बारकोड केले, एका पडद्यावर दाखवले, आणि एकेक पीसी तीन ते पाच मिनिटांत उघडत गेले. 

२५ जुलैला क्राउडस्ट्राइकने जाहीर केलं की ९७ टक्क्यांहून जास्त विंडोज मशिनं परत आली आहेत. सहा दिवस. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर या सहा दिवसांत आहे.

मायक्रोसॉफ्टने त्यातून धडा घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी क्विक मशीन रिकव्हरी जाहीर केली. मशीन सुरूच होत नसेल तर रिकव्हरीच्या वातावरणातूनच नेटवर्क जोडून दुरुस्ती उतरवायची, अशी ती योजना. मला वाटतं, हे पंधरा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. २०१० मध्ये मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची फाइल विषाणू समजून उचलली, तेव्हाही आयटीवाले असेच मशीन-मशीन फिरले होते.

युरोपीय आयोगाची गोष्ट पुढच्या आठवड्यात. तोवर एक काम कराच. तुमच्या घरच्या विंडोज लॅपटॉपची डिस्कही कुलूपबंद असू शकते, तुम्ही काही केलेलं नसतानाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी की शोधा, कागदावर उतरवा, प्रत्येक गटाला ११ ने भागून तपासा. आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.