पडद्यावरचा दवाखाना – भाग ४ : ब्रँच वेगळी, वाट वेगळी

मेडिकलच्या होस्टेलमध्ये बॅचमेट हा सख्ख्या भावापेक्षा जवळचा असतो. हाडांच्या एका बोनसेटवर दोघांनी रात्र काढायची, एकाचं जर्नल दुसऱ्याने उतरवायचं, व्हायव्हाला एक अडकला की दुसऱ्याने बाहेर देव पाण्यात घालून बसायचं. अशी जोडगोळी हॉस्पिटलात रुजू झाली की तिचं काय होतं, हा ‘स्क्रब्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेचा हातखंडा विषय.

बिल लॉरेन्स यांची ही मालिका २ ऑक्टोबर २००१ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि मध्येच वाहिनी बदलून मार्च २०१०पर्यंत चालली. नऊ सीझन, १८२ भाग. तिचा नायक जे.डी. बेतला होता लॉरेन्स यांचे कॉलेजमित्र डॉ. जोनाथन डॉरिस यांच्या अनुभवांवर. चित्रीकरण झालं ते नॉर्थ हॉलीवूडमधल्या एका बंद पडलेल्या खऱ्या हॉस्पिटलात. विनोदावर मागून हशा पेरायचा नाही, हेही ठरलेलं.

तिसऱ्याच भागात, ९ ऑक्टोबर २००१ला, मैत्रीला पहिला तडा जातो. ‘माय बेस्ट फ्रेंड्स मिस्टेक’ हे त्या भागाचं नाव. जे.डी. आणि टर्क कॉलेजपासूनचे रूममेट. आता जे.डी. मेडिसिनला, टर्क सर्जरीला. टर्कची सर्जनमंडळींशी लगेच गट्टी जमते आणि जे.डी. एकटा पडतो. त्यातच टर्कच्या हातून ऑपरेशनमध्ये काही चुकलं की काय, अशी शंका त्याच्या मनात शिरते. दोघांत भांडण असं झालेलं नाही, फक्त ड्यूटी वेगळी लागली आहे.

आपल्याकडे हा तडा जरा उशिरा जातो. अमेरिकेत डॉक्टर इंटर्न होतो तोच बहुधा आपल्या ब्रँचमध्ये. आपल्याकडे एमबीबीएसनंतरची वर्षभराची इंटर्नशिप सगळ्या विभागांतून फिरवते. २०२१च्या नियमांनुसार मेडिसिन सहा आठवडे, सर्जरी सहा आठवडे, कम्युनिटी मेडिसिन बारा आठवडे. बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली सुरू झालं. तिथला इंटर्नही आज टाके घालतो, उद्या प्रसूती पाहतो. सगळेच सगळीकडे, म्हणून गट पडत नाहीत. खरी फाटाफूट होते नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या निकालानंतर. एकाला मेडिसिन मिळतं, दुसऱ्याला सर्जरी, तिसरा पुन्हा अभ्यासाला बसतो.

मग ‘मेडिसिनवाले’ आणि ‘सर्जरीवाले’ अशा दोन जाती तयार होतात. एक प्रसंग कोणत्याही मोठ्या रुग्णालयात दिसेल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला ताप. सर्जरीचा रेसिडेंट निवांत, कारण पहिल्या एक-दोन दिवसांतला ताप पुष्कळदा शरीराला बसलेल्या धक्क्याचा असतो आणि आपोआप उतरतो. जखमेतला जंतुसंसर्ग सहसा पाचव्या दिवसाच्या सुमारास डोकं वर काढतो. मेडिसिनचा रेसिडेंट मात्र छाती तपासतो, लघवी तपासायला पाठवतो, सलाइनची जागा बघतो आणि केसपेपरवर लांबलचक नोट लिहितो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण ती नोट वाचताना सर्जनला वाटतं, हा माझी चूक शोधतोय. कालपर्यंत हाच मेसमध्ये शेजारी जेवत होता.

‘स्क्रब्स’ने इथे एक खुबी केली आहे. मालिकेचं निवेदन जे.डी.च्या मनातून चालतं, आणि म्हणून भागांची नावंही बहुतेक ‘माय’ने सुरू होतात. एकट्या पडलेल्या मित्राचं ऐकायचं म्हटल्यावर दुसरा दोषी वाटणारच. तिसऱ्या सीझनमध्ये मात्र ‘हिज स्टोरी टू’ या भागाचं निवेदन टर्ककडे जातं आणि तोच दवाखाना दुसऱ्याच्या डोक्यातून ऐकू येतो. प्रत्यक्षात ही सोय नसते. नाइट ड्यूटी संपवून आलेल्याचं मन वाचायला कुणाला वेळ आहे?

पीजीही संपलं की बॅचमेट पुन्हा भेटतात, ते रेफरन्सच्या चिठ्ठीवर. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दवाखाना थाटलेल्या डॉक्टरचंच घ्या. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटला पुढे पाठवायचं कुठे? नीरा नदी ओलांडून अकलूजला, की इंदापूरला, की थेट बारामतीला? अंतर, खर्च, गाडीची सोय हे सगळं पाहिलं जातं. पण चिठ्ठी लिहिण्याआधी फोन लागतो तो ओळखीच्याला, बहुतेकदा जुन्या बॅचमेटला. “पेशंट पाठवतोय, ईसीजी बरा वाटत नाही, जरा बघ.” ख्यालीखुशाली राहूनच जाते. मात्र पेशंट पोचायच्या आत तिकडे खाट तयार असते. वॉर्डात एकमेकांच्या नोटांवर चिडणारे हेच दोघे आता एकमेकांच्या निदानावर विसंबून राहतात.

जे.डी. आणि टर्कचीही मैत्री तुटत नाही. पुढे टर्क नर्स कार्लाशी लग्न करतो आणि तिघांना नव्याने जागा वाटून घ्याव्या लागतात. विनोदाचा निम्मा मालमसाला तिथूनच मिळतो.

पुढच्या आठवड्यात मराठी पडद्याकडे वळायचं आहे. २०२० साली झी युवावर आलेल्या ‘डॉक्टर डॉन’मध्ये चक्क एक डॉन मेडिकल कॉलेजात दाखल होतो. देवदत्त नागे यांनी रंगवलेल्या या वयस्क विद्यार्थ्याशी मैत्री करायची तरी कशी, हा वर्गातल्या पोरांचा प्रश्न पुढच्या भागात पाहू.